मोहरी नव्हे, तिळवण

यंदा बऱ्याच वर्षांनी पोळ्याला गावी जाणं झालं. आमचं गाव फुलसावंगी. तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ. नावातच फूल असल्यामुळे हॉस्टेलमध्ये मैत्रिणींनी मला खूप छळलं होतं. "तुमच्याकडे काय नुसती फुलंच पिकतात का गं?" मी म्हणायची, नाही, कापूस पिकतो. आता कोणी विचारलं तर कापसाच्या आधी सोयाबीन म्हणावं लागेल. फुलं म्हणाल, तर ती कोणी पिकवत नाही. ती धुऱ्यावर आपली आपण येतात आणि निंदणात जातात. (धुरा म्हणजे बांध. पुण्याकडच्या मंडळींसाठी सांगून ठेवलं.)

तर ही गोष्ट अशाच एका निंदणात जाणाऱ्या फुलाची आहे. आणि माझ्या आजीची. आणि भाऊच्या उजव्या कानाची.

आमच्या नातेवाइकांपैकी ज्यांना ही गोष्ट पाठ आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल. पण बाकीच्यांसाठी ती सांगायलाच हवी. १९८१ चा पावसाळा. भाऊ सात वर्षांचा होता आणि मी चार. एका संध्याकाळी त्याचा कान ठणकायला लागला. बाबा वावरातून यायचे होते, आई स्वयंपाकात. आजी धुऱ्यावर गेली, पिवळ्या फुलांचं एक रोपटं उपटून आणलं, पानं तळहातावर चुरली आणि रसाचे दोन-तीन थेंब भाऊच्या कानात पिळले. भाऊ जो किंचाळला तो रात्रभर. पुढे सहा-आठ महिन्यांनी लक्षात आलं की त्याला उजव्या बाजूने हाक मारली तर ऐकू येत नाही. यवतमाळला दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले कानाच्या पडद्याला भोक आहे. झालं. तेव्हापासून आमच्या घराण्यात एक वाक्य कायमचं झालं: 'म्हातारीनं पोराच्या कानात मोहरी घातली.'

मोहरी का, तर ते फूल मोहरीसारखं पिवळं आणि चार पाकळ्यांचं. आई त्याला रानमोहरी म्हणायची. आणि मोहरी म्हटलं की झोंबणं आलंच, त्यामुळे गोष्ट कुणालाही लगेच पटायची. लग्नकार्यात, तेराव्याला, कुठेही चार नातेवाईक जमले आणि भाऊने मान वळवून डावा कान पुढे केला, की कोणीतरी ती सांगायचंच.

बाबा आजीशी त्यानंतर कामापुरतंच बोलले. आजी आधी आळीतल्या बायकांना खोकल्यासाठी, पोटासाठी काहीबाही पाला द्यायची. ते तिने बंद केलं. कोणी दारात आलं तर म्हणायची, "दवाखान्यात जा माय." १९९६ मध्ये ती गेली. मला आठवते ती आजी म्हणजे ओट्यावर गप्प बसून वाती वळणारी. तिने त्या रात्रीबद्दल काही बोलल्याचं मला आठवत नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

या गोष्टीत माझाही हातभार आहे, तो आधीच कबूल करते. दहा-बारा वर्षांपूर्वी मी धुऱ्यावरच्या त्या फुलाचा फोटो काढला होता आणि सगळ्या भावंडांना मेल केला होता. खाली लिहिलं होतं, 'हीच ती आजीची सुप्रसिद्ध रानमोहरी.' सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले होते. :)

असो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊच्या धाकट्याला घेऊन मी वावरात गेले. तो सहावीत आहे. पराटी गुडघ्याच्या वर आलेली, सोयाबीन शेंगांवर. धुऱ्यावर तरोटा नुसता माजलेला, आणि त्यात मधे मधे ती पिवळी फुलं. मी सवयीने म्हटलं, "ही बघ तुझ्या पणजीची मोहरी."

पोरगा म्हणाला, "आत्या, पण मोहरी तर हिवाळ्यात फुलते ना? आपण हरभऱ्याच्या कडेनं टाकतो ते. हे तर पावसातच येते."

मी तिथेच थांबले. इतकी साधी गोष्ट! घरात अर्धा डझन माणसं शेतीत मुरलेली, आणि चाळीस वर्षांत एकालाही हे सुचू नये? मोहरी हे रब्बीचं पीक आहे हे काय आम्हाला माहीत नव्हतं? माहीत होतं. पण फुलाकडे कुणी बघतच नव्हतं. बघायची गरजच नव्हती, कारण गोष्ट आधीच तयार होती.

मी काही वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. आयुष्य बँकेत गेलं. पण गेली काही वर्षं रविवारी झाडं बघत हिंडणाऱ्या एका गटाबरोबर फिरते, त्यामुळे दहा पटीचं भिंग पर्समध्ये असतं. शिवाय मागच्या हिवाळ्यात मसाल्याच्या डब्यातली मोहरी कुंडीत पेरली होती, तिच्या फुलांचे फोटो मोबाइलमध्ये होते. म्हणजे मुकाबला समोरासमोर करता येणार होता. धुऱ्यावरच बसकण मारली आणि पोराला म्हटलं, चल, मोजू.

पहिली गोष्ट पाकळ्या. मोहरीच्या कुळाची ओळखच चार पाकळ्यांनी होते. त्या समोरासमोर, अधिकच्या चिन्हासारख्या मांडलेल्या असतात. लॅटिनमध्ये या कुळाचं जुनं नाव 'क्रुसिफेरी', म्हणजे क्रूस धारण करणारे. आमच्या फुलालाही पाकळ्या चारच. पण नीट पाहिलं तर त्या फुलीसारख्या पसरलेल्या नव्हत्या. चारही एका बाजूला, वरच्या अंगाला सरकलेल्या, पंजाची चार बोटं एकत्र उचलावी तशा. खालची बाजू मोकळी.

दुसरी गोष्ट पुंकेसर. मोहरीच्या फुलात ते बरोबर सहा असतात, चार लांब आणि दोन आखूड. मुळ्याच्या, कोबीच्या फुलातही हाच हिशोब. आम्ही एकेक फूल उघडून मोजायला लागलो. पहिल्यात चौदा. दुसऱ्यात सतरा. तिसऱ्यात पोरगा सोळा म्हणाला आणि मी पंधरा, त्यावर भांडण झालं. सहा मात्र एकातही नाहीत.

तिसरी गोष्ट पान. मोहरीचं पान एकसंध, कडेने कातरलेलं. इथे एका देठावर तीन छोटी पानं, बेलासारखी, आणि खालच्या बाजूला काही ठिकाणी पाच.

चौथी गोष्ट मोजावी लागली नाही. बोटं चिकट झाली होती. खोडावर, पानांवर, शेंगांवर, सगळीकडे बारीक लव, आणि भिंगातून पाहिलं की प्रत्येक केसाच्या टोकाला एक चकचकीत थेंब. उन्हात ते झाड दव पडल्यासारखं चमकत होतं. दोन-चार चिलटं चिकटून मेलेली होती. आणि वास! उग्र, हातावरून जाता जात नाही असा. मोहरीच्या झाडाला हात लावून बघा, असलं काही नसतं.

पाचवी गोष्ट शेंग. दोघांच्याही शेंगा लांब आणि बारीक, दोन्ही उभ्या फुटणाऱ्या. पण मोहरीची शेंग उकलली की मधे कागदासारखा पातळ पारदर्शक पडदा असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दाणे. हा पडदा म्हणजे त्या कुळाचा शिक्काच. आमच्या शेंगेवर उभ्या रेघा होत्या. ती मी नखाने उकलली. आत एकच खोली. पडदा नाही.

म्हणजे मोहरी नाही. तिच्या कुळातलीसुद्धा नाही. मला त्या क्षणी नक्की काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. आनंद झाला असं म्हणवत नाही. चाळीस वर्षं आपण ज्या नावाने एका माणसाला बोल लावत होतो, ते नावच चुकीचं होतं, एवढंच.

नाव सांगितलं निंदणाला आलेल्या मावशींनी. सत्तरीच्या असतील. आम्ही फुलं फोडत बसलेलो बघून आधी त्यांना हसूच आलं.

"हे काय मोजून राह्यल्या बाई? हे तिळवन व्हय. पिवळी तिळवन. कोनी कानफुटी बी म्हनते."

कानफुटी! मी विचारलं, कानफुटी का?

"कान ठनकला का पानाचा रस टाकत होते आदी. पन वायत्या कानात नाई टाकत. लय आग होते."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. दुखऱ्या कानात टाकायचा, वाहत्या कानात नाही. हे त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं होतं. एवढं बोलून त्या सोयाबीनच्या तासात शिरल्या.

रात्री मोबाइलवर बसून बाकीचं शोधलं. पिवळी तिळवण, शास्त्रीय नाव क्लिओम व्हिस्कोसा. व्हिस्कोसा म्हणजे चिकट. १७५३ मध्ये लिनियसने दिलेलं नाव. हे आपल्याकडचंच, इथल्या मातीतलं तण आहे, कुणी बाहेरून आणलेलं नाही. कानदुखीवर त्याचा रस घालायची चाल भारतात इतरत्रही आहे. आजीने काही वेड्यासारखं हाताला लागलं ते उपटून आणलं नव्हतं तर. तिच्या पिढीला जे माहीत होतं तेच झाड तिने बरोबर ओळखून आणलं होतं. झाड ओळखायला चुकलो ते आम्ही.

पण गंमत पुढेच आहे. मला वाटलं होतं, मोहरी नाही हे सिद्ध झालं, संपला विषय. तो काही इतक्यात संपणार नव्हता.

लिनियसने झाडांची वर्गवारी पुंकेसरांवरून लावली होती. चार लांब आणि दोन आखूड पुंकेसरवाल्यांचा, म्हणजे मोहरीवाल्यांचा, त्याने वेगळा वर्ग केला, आणि तिळवणीला त्याने नेमकं त्याच वर्गात बसवलं! पिवळ्या तिळवणीचे पुंकेसर त्या हिशोबात बसत नसतानाही. म्हणजे १७५३ चा तो मोठा माणूस आणि माझी आई यांचं या बाबतीत एकमत होतं. पुढच्या शास्त्रज्ञांनी तिला तिथून काढलं आणि वाघाटीच्या कुळात टाकलं. वाघाटी म्हणजे आषाढी द्वादशीला उपास सोडताना जिची भाजी करतात ती. तिथे ती दीड-दोनशे वर्षं सुखाने राहिली. मग जनुकांवरून नाती शोधायचे दिवस आले. १९९८ मध्ये जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका गटाने फुलझाडांच्या कुळांची नवी मांडणी केली. तिच्यात वाघाटी, तिळवण आणि मोहरी यांना एकाच मोठ्या मोहरीकुळात घातलं. २००३ च्या दुसऱ्या आवृत्तीतही तसंच. आणि २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीत पुन्हा तीन चुली वेगळ्या झाल्या: वाघाटीचं कूळ वेगळं, मोहरीचं वेगळं आणि तिळवणीचं स्वतःचं वेगळं. मात्र वेगळं करताना एक गोष्ट पक्की झाली होती. तिळवण वाघाटीला जितकी जवळ आहे त्याहून मोहरीला जवळ आहे. दोघी सख्ख्या शेजारणी, किंवा बहिणीच म्हणा.

म्हणजे मी २००५ मध्ये हा शोध लावला असता तर उत्तर आलं असतं, 'हो, मोहरीच्याच कुळातली.' आज लावला म्हणून उत्तर आलं, 'नाही, पण सगळ्यात जवळची.' झाड तेच. धुरा तोच.

नावाचाही असाच प्रवास आहे. अलीकडे तिळवणीच्या मोठ्या गोतावळ्याची फोड झाली आणि आमच्या पिवळीला बरेच तज्ज्ञ आता अरिवेला व्हिस्कोसा म्हणतात. हा अरिवेला शब्द लॅटिन वाटतो, पण तो आहे मल्याळी. केरळातल्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने तो करवून घेतला, पण माहिती दिली इथल्याच वैद्यांनी. त्यांत इट्टी अच्युतन होते, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट असे तिघे कोंकणी ब्राह्मण होते. या तिघांचं नागरी लिपीतलं निवेदन त्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात छापलेलं आहे. त्या ग्रंथात तिळवण 'आरियवेला' म्हणून आली आणि तेच नाव तीनशे वर्षांनी परत फिरून तिच्याकडे आलं. पाला ओळखणाऱ्या लोकांचा शब्द शेवटी पुस्तकात टिकला, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. आजी डोळ्यांपुढे आली.

आता या शेजारणींचं नातं कशात आहे, ते ऐका. मोहरी नुसती तोंडात धरली तर फारशी झोंबत नाही. चावली, वाटली, की नाकात जाते. कारण तिच्या पेशींत एक पदार्थ आणि त्याला फोडणारं विकर (म्हणजे एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. चुरगाळलं की दोघांची गाठ पडते आणि झोंबरा पदार्थ तयार होतो. किड्यांपासून बचावाची ही सोय आहे. ती एकट्या मोहरीकडे नाही, तिच्या सगळ्या गोतावळ्यात आहे: मुळा, कोबी, अहाळीव, वाघाटी, इतकंच काय शेवगा आणि पपईसुद्धा. (पपईची बी चावून बघा, तिखट लागते.) आणि अर्थातच तिळवण. शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी पांढऱ्या फुलपाखरांना हे नातं कळलेलं होतं. त्यांच्यातली काही मोहरीवाल्यांवर अंडी घालतात आणि काही वाघाटीवाल्यांवर. १९६४ मध्ये एर्लिक आणि रेव्हन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी फुलपाखरं आणि झाडं यांच्या नात्यांवर जो गाजलेला लेख लिहिला, त्यात हे उदाहरण आहे.

हे वाचलं आणि माझा उत्साह मावळला. कारण याचा अर्थ उघड होता. आजीने मोहरी घातली नव्हती हे खरं. पण जे घातलं ते मोहरीच्याच जातीचं झोंबरं होतं, आणि तेही ताजं चुरलेलं. म्हणजे फुलाचं नाव बदललं, तरी भाऊच्या कानातली आग काही त्यामुळे विझत नव्हती. मी आजीची वकिली करायला निघाले होते आणि साक्षीदार उलटला होता.

तरीही भाऊला सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी नेहमीसारखी त्याच्या डाव्या बाजूला. सगळं सांगितलं. पाकळ्या, पुंकेसर, शेंगेतला पडदा. मोहरी नाही, तिळवण. मावशी काय म्हणाल्या तेही सांगितलं, दुखऱ्या कानात टाकतात, वाहत्या कानात नाही.

भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग म्हणाला, "आजीले मालूम होतं ते."

"काय?"

"तिनं विचारलं होतं मले. टाकायच्या आधी. 'कान वायते का रे बाळा?' म्हणून. मी नाई म्हटलं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"आठ-दहा दिवसांपासून वाहत होता. मी बाहीनं पुसून घेत होतो. सांगितलं असतं त बाबांनी महागावले नेलं असतं अन् सुई दिली असती. लय भेव वाटे मले सुईचं." मग थोड्या वेळाने, "मंग सगळे आजीले बोलाले लागले. तवा सांगाची हिंमत झाली नाई. मंग राहूनच गेलं. आजीनं बी कोणाले सांगितलं नाई, का मी याले विचारलं होतं म्हणून."

पन्नाशीतला माणूस. वहिनी आतून चहा घेऊन आल्या आणि आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून कप ठेवून परत आत गेल्या.

पुण्याला आल्यावर ओळखीच्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. सर्दी मुरून कानाच्या आत पू होतो, तो दाबाने पडदा फोडून बाहेर येतो, तेव्हा कान वाहायला लागतो. म्हणजे कान आठ-दहा दिवस वाहत होता, तर पडद्याला भोक बहुधा आधीच पडलेलं असणार. तशा कानात बाहेरून काहीही घातलं, तरी ते थेट आत जातं आणि भयंकर आग होते. रसाने नुकसान वाढलं का? वाढलं असेलही. नसेलही. इतक्या वर्षांनी कोणी सांगू शकत नाही. "पण एक लिहा," ते म्हणाले, "कानात तेल, रस, काही घालू नका. वाहत्या तर नाहीच, दुखऱ्यातसुद्धा नाही. दाखवायला या." तर ते इथे लिहिते आहे. आजीच्या बाजूने लिहिताना हेही तितक्याच ठळकपणे लिहायला हवं. मावशींच्या सासूने घालून दिलेला नियम चांगला होता, पण कान आतून फुटला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि पोरं खरं सांगतीलच असं नाही.

हे सगळं लिहू का, असं भाऊला फोनवर विचारलं. मला वाटलं तो नको म्हणेल. तो म्हणाला, "लिही. माझंबी लिही. सगळ्यांना वाचू दे."

म्हणून आमच्या समस्त नातेवाइकांना नम्र विनंती. यापुढे ती गोष्ट सांगायची झाली तर पूर्ण सांगा. आजीने मोहरी घातली नव्हती. तिने तिळवण ओळखून आणली होती, घालायच्या आधी जे विचारायला हवं ते विचारलं होतं, आणि उत्तर खोटं मिळालं हे कळल्यावरही सात वर्षांच्या पोराला उघडं पाडलं नव्हतं. पंधरा वर्षं. मरेपर्यंत.

दिवाळीत पुन्हा जाऊन आले. तोवर धुऱ्यावरची तिळवण वाळली होती. काही भाग तणनाशकाने आधीच जळाला होता, पण विहिरीकडचा कोपरा भाऊने या वर्षी फवारला नव्हता. का, ते मी विचारलं नाही. वाळक्या शेंगा टोकाकडून उकलून खाली येत होत्या. दोन्ही साली गळून पडलेल्या जागी नुसती दोऱ्यासारखी बारीक चौकट उरलेली. बी मोहरीहून बारीक, काळपट तपकिरी. मोहरी गोल आणि गुळगुळीत असते, ही गोगलगायीसारखी वळलेली आणि अंगावर आडव्या वळ्या. पोराने ओळखायची सहावी खूण म्हणून ती वहीत काढून घेतली. (पांढऱ्या फुलांची तिळवणही असते. तिचे पुंकेसर सहाच, पण ते एका उंच दांडीवर चढून बसलेले. त्यामुळे नुसते पुंकेसर मोजून निकाल देऊ नका. पान, चिकटपणा, शेंग, सगळं बघा.)

गढवालमध्ये याच पिवळीच्या बियांना जखिया म्हणतात आणि बटाट्याच्या, पालेभाजीच्या फोडणीत मोहरीच्या, जिऱ्याच्या जागी टाकतात, हे मी वहिनींना सांगितलं होतं. त्यांनी मूठभर बी निवडून, पाखडून ठेवलं होतं. भाऊबीजेच्या सकाळी बटाट्याच्या भाजीला त्याचीच फोडणी दिली. मोहरीसारखी तडतडली. वास थोडा वेगळा, खमंग.

भाऊ जेवायला बसला. पहिला घास घेतला, दुसरा घेतला.

"कशी झाली?" मी त्याच्या डाव्या कानाशी विचारलं.

"मस्त," भाऊ म्हणाला. "मोहरी टाकली ना?"